साठ टेबलं आणि एक चिन्ह

"टेबल बघितलं की कळतंच ना, ते टेबल आहे म्हणून. त्यावर आणि चिन्ह कशाला?" पॉलिशकाकांनी विचारलं.

मालकांनी वाचनालयाचं पत्र पुन्हा वाचून दाखवलं. मुलांच्या विभागासाठी साठ टेबलं हवी होती. प्रत्येक टेबलावर बनवणाऱ्याचं चिन्ह डागलेलं असावं, ते साधं असावं आणि ग्रंथपालबाईंनी ते आधी मंजूर केलेलं असावं, असं त्यात लिहिलं होतं. ग्रंथपालबाई दुपारी चारला येणार होत्या. डागायचा लोखंडी ठसा बनवणारा ठसेवाला पाचला दुकान बंद करून पंधरा दिवसांसाठी मुलीकडे जाणार होता. म्हणजे चिन्ह आजच हवं होतं.

बावीस वर्षांत कारखान्याचं चिन्हावाचून काही अडलं नव्हतं. पण यंदा कामच नव्हतं. हे काम हातचं गेलं तर एका माणसाला घरी बसवावं लागणार होतं, आणि तो माणूस म्हणजे पॉलिशकाका. हे मालकांना ठाऊक होतं, मालकीणबाईंना ठाऊक होतं. पॉलिशकाकांना ठाऊक नव्हतं, त्यामुळे ते एकटेच निवांत होते.

दहा वाजता बैठक बसली. मालक, पॉलिशकाका, जोडणी करणारा सुतार आणि विक्री बघणारा मेहुणा. मालकीणबाई बसल्या नाहीत. नमुन्याच्या टेबलाचे कोपरे घासायचे राहिले होते. लहान मुलं धावतात, कपाळाला लागतं, म्हणून त्या स्वतः कोपरे घासत. त्यांचा हात फिरला की कोपरा कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, हे बोटाला सांगता येत नसे.

कागदावर कुणाचाच हात चालेना. मग मालकांनी प्लायवूडचा एक तुकडा भिंतीला टेकवला, सुताराची पेन्सिल घेतली आणि सगळे सुटले.

"झाड काढू," सुतार म्हणाला आणि मुळांसकट काढलं. अर्धवट काम त्याला जमतच नव्हतं.

"सूर्य पाहिजे. चकाकी दिसली पाहिजे," पॉलिशकाका म्हणाले.

"दाजी, हल्ली प्राणी चालतो," मेहुणा म्हणाला. "हत्ती काढा. मजबुती!"

"टेबलावर हत्ती?"

"टेबलाखाली. टेबल पाठीवर घेतलेला."

मालकांच्या मनात विश्वासाचा हात होता. तो त्यांनी काढला, पण त्याला सहा बोटं आली.

"खोडा की एक," मेहुणा म्हणाला.

तिघांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं जीभ चावली. कारखान्यात खोडरबर नव्हतं. फार पूर्वी एकदा खोडलेल्या रेघेवरून बारा दारं कापली गेली होती, तेव्हापासून इथे रेघ खोडत नसत. चुकली तर तिचं काहीतरी करायचं. सहाव्या बोटाचा सुताराने हत्तीचा सुळा केला. खरं सांगायचं तर तो सुळा फार सुरेख झाला.

मालकांचा एक दोष होता. त्यांना कुणाला नाही म्हणता येत नसे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत फळीवर झाड, सूर्य, हत्ती, हात, उघडं पुस्तक आणि सुताराच्या मांजरीची तीन पिल्लं जमली.

"पत्रात साधं म्हटलंय ना?" मालकीणबाईंनी घासता घासता विचारलं.

"साधंच आहे अगं," मालक म्हणाले. "फक्त जास्त आहे."

सगळे जेवायला गेले तेव्हा मेहुण्याच्या मनात आलं, पेन्सिलीचं काम ग्रंथपालबाईंना नीट दिसणार नाही. त्याने काळा मार्कर घेतला आणि एकूण एक रेघ ठळक केली. आता, या कारखान्यात पेन्सिलीची रेघ विचार करायला असते आणि काळी रेघ कापायला. हे मेहुण्याला कुणी सांगितलं नव्हतं, कारण तो चहाच्या किटलीपलीकडे कधी गेलाच नव्हता. मग पॉलिशकाकांना वार्निश लावलेलं दार वाळवायला ती भिंत हवी झाली. त्यांनी फळी उचलून जपून बाहेर पडवीत करवतीपाशी ठेवली.

अडीचला मिलीमीटर परतला. तो कापणारा कारागीर. सकाळपासून तो कपाटं पोचवायला गेला होता. अर्ध्या मिलीमीटरचाही फरक खपवून घेत नसल्याने त्याला हे नाव पडलं होतं. त्याने फळी पाहिली, काळ्या रेघा पाहिल्या, बारीक पातं चढवलं आणि कानांवर गोंगाट अडवणारे डबे लावले. तो कधी कुणाला काही विचारत नसे. विचारायचं ते रेघेला.

साडेतीनला तो मोठा ट्रे घेऊन आत आला.

"घ्या. सत्तेचाळीस तुकडे. पिल्लांच्या मिश्यांनी जरा दमवलं, पण आल्या."

सगळे ट्रेवर वाकले.

"अरे, ते चिन्ह होतं!" मालक म्हणाले.

"कशाचं?"

"आपलं!"

मिलीमीटरने ट्रेकडे नीट पाहिलं. "मला वाटलं एखाद्याच्या घराचा नकाशा आहे."

मालक स्टुलावर बसले. नवीन फळी काढायला वेळ होता, पण डोकं बंद पडलं होतं. पॉलिशकाका मात्र खाली मांडी घालून एकेका तुकड्याची कड पॉलिशपेपरने घासू लागले.

"काका, आता कशाला ते?"

"कडा टोचतायत. बाईंच्या हाताला लागलं म्हणजे?"

मालकांनी तोंड दुसरीकडे वळवलं.

चारला ग्रंथपालबाई आल्या. मालकीणबाईंनी नमुन्याचं टेबल मधोमध ओढलं, खाली वाकून काहीतरी केलं, वर वाचनालयाचं पत्र आणि चहाचा कप ठेवला आणि पुन्हा भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मालकांनी कसं सुरू करावं याचा विचार केला. तोवर ग्रंथपालबाईंचा हात ट्रेकडे गेला होता.

"हे काय, कोडं? तुम्ही कोडीही करता?"

"हो तर!" मेहुणा म्हणाला.

"नाही," मालक त्याच वेळी म्हणाले.

पण बाई ऐकत नव्हत्या. त्यांनी दोन तुकडे एकमेकांना लावले. मध्ये केसही जाणार नाही असे ते बसले. त्या हसल्या आणि जमिनीवर बसून जुळवू लागल्या. मिलीमीटर अभिमानाने खाकरला. आधी हत्ती उभा राहिला, मग पिल्लं आली, मग सूर्य. अर्ध्या तासात सगळं चित्र जुळलं. झाडाच्या मुळाशी तेवढी एक तिरकी फट राहिली.

"एक तुकडा कमी आहे."

"कमी असणार नाही," मिलीमीटर म्हणाला. "मी मोजून आणलेत."

पाचही पुरुष गुडघ्यांवर आले. कपाटाखाली पाहिलं, भुशात हात घालून पाहिलं. साडेचार वाजून गेले होते.

"तो टेबलाखाली आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "पायाला लावलाय. काढलात तर चहा सांडेल."

मेहुण्याने तोवर तुकडा काढला होता. टेबल हललं आणि चहा पत्रावर सांडला.

"टेबल सरळ आहे हो!" मालक कळवळून म्हणाले. "शपथ घेऊन सांगतो, जमीन वाकडी आहे!"

"जमीन कुणाची सरळ असते?" मालकीणबाई म्हणाल्या. त्यांनी मेहुण्याच्या हातातून तुकडा घेतला आणि पुन्हा पायाखाली सरकवला. टेबल गप्प उभं राहिलं. "आपण टेबल द्यायचं ते लोकांच्या जमिनीवर. बरोबर हा तुकडाही दिला पाहिजे."

ग्रंथपालबाईंनी वाकून ती छोटी लाकडी पाचर पाहिली. मग टेबल दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. ते हललं नाही.

"आमच्याकडे प्रत्येक टेबलाखाली कागदाची घडी आहे," त्या म्हणाल्या. "मागच्या महिन्यात एका घडीत शब्दकोशाची चार पानं निघाली. साठ टेबलांबरोबर साठ पाचरी द्या. आणि तुमचं चिन्ह कुठाय?"

मालकांनी पत्नीकडे पाहिलं. तिने भुवईने टेबलाच्या पायाकडे दाखवलं.

"तेच," मालक म्हणाले.

"दाजी, अहो, लोक म्हणतील हे पाचर मारतात!" मेहुणा कुजबुजला.

"म्हणू देत," मालकीणबाई म्हणाल्या. "टेबल हललं म्हणणार नाहीत."

ग्रंथपालबाईंनी चहाने भिजलेल्या पत्रावर सही केली. निघताना पॉलिशकाकांच्या हातातला पॉलिशपेपर पाहून त्यांना म्हणाल्या, "कडा फार छान केल्यात. पाचरींनाही तुम्हीच हात लावा." काका म्हणाले, "दुसरं कोण लावणार?"

पाचाला दहा कमी असताना मालक धापा टाकत ठशाच्या दुकानात पोचले. शटर अर्धं खाली आलं होतं. त्यांनी खिशातून पाचर काढली, कागदावर ठेवली आणि भोवती पेन्सिल फिरवली. ठसेवाल्याने कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली.

"तीनच रेघा? एवढ्यासाठी सकाळपासून अख्खा कारखाना बसला होता?"

"अख्खा नाही," मालक म्हणाले. "एकजण काम करत होती."