पास्कलचा झाळलेला काटा

२०२३ साल. मी अडुसष्ट वर्षांचा होतो, आणि माझ्या शेजारचा दुकानदार पास्कल रेडिओशी बोलायचा. ऐकायचा असं मी म्हणत नाही. ऐकायला काय, कोणीही ऐकतं. पास्कल बोलायचा. सकाळी आठला निवेदिका "नमस्कार" म्हणाली की हातातली पकड खाली ठेवून हा स्टुलावरून उठणार, छातीवर हात ठेवणार आणि म्हणणार, "नमस्कार बाई. बोला." मग बसणार. दुपारच्या बातम्यांआधी तिला विचारणार, "जेवलीस का?" आणि उत्तर मिळाल्यासारखी मान हलवणार.

मी रत्नागिरीकडचा, चौथीपर्यंत शिकलेला. ओमानमधल्या खाबुऱ्याच्या बाजारात दिशदाशा शिवतो, म्हणजे इथले ओमानी पुरुष घालतात ते पायघोळ झगे. चाळीस वर्षं झाली. मला कोणी शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवतो. हे लिहून झाल्यावर नातीने चुका काढल्या. त्यातल्या निम्म्या मी तशाच ठेवल्या आहेत.

पास्कल वसईचा. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण चेहरा असा की बाजारातली पोरं त्यालाच आधी सलाम करायची. इस्त्र्या, पंखे, मिक्सर दुरुस्त करायचा. आमच्या दोन दुकानांमध्ये एक पत्र्याची भिंत. तिच्या अलीकडे माझं मशीन, पलीकडे त्याचं स्टेशन. एएमचं जुनं स्टेशन, मीडियम वेव्हवरचं. आखातात कुठेतरी होतं. नक्की कुठे ते आम्हाला कधी कळलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही. हिंदीत बातम्या, जुनी गाणी, लोकांची पत्रं. आवाजात समुद्र मिसळल्यासारखी खरखर.

एकदा आमचा अर्बाब आला. अर्बाब म्हणजे ज्याच्या नावावर आमची दुकानं, आमचे व्हिसा, सगळं, तो. इस्त्री घेऊन आला होता. बाई बातम्या सांगत होती. पास्कलने तळहात वर केला, "सब्र, अर्बाब. बाई बोलतेय." मालकाला कोणी असं सांगतं? पण आमचा अर्बाब हामेद भला माणूस. मांडीवर इस्त्री घेऊन दहा मिनिटं बसला. जाताना माझ्या दुकानात शिरला आणि हळूच विचारलं, "इब्राहिम, याने आत कोणती बाई ठेवलीय? तिची कागदपत्रं आहेत ना?"

दुसरा प्रसंग एरियलचा. पास्कलने तांब्याची तार छपरावरून अर्बाबच्या खजुरीच्या झाडापर्यंत ओढली होती, ती जायची माझ्या मागच्या दारावरून. ईदच्या आधी मला पाणी मारलेल्या दिशदाशा वाळत घालायला जागा कमी पडली. समोर आयती तार. घातल्या सात. पाच मिनिटांत पास्कल हातात टेस्टर घेऊन हजर.

"इब्राम! बाईचा गळा दाबलास!"

"कोणाचा गळा? दिशदाशा आहेत."

"ओल्या आहेत त्या! ती बाई तिकडे ओरडतेय आणि इथे मुंगीएवढा आवाज येतोय. काढ!"

मी नाही काढल्या. मला असं कोणी "काढ" म्हटलं तर मी काढत नाही. मग त्याने काढल्या, एकेक घडी घालून माझ्या टेबलावर ठेवल्या, आणि तीन दिवस बोलला नाही. एरवी तो मला इब्रामभाई म्हणायचा. रागावला की भाई गळून पडायचा.

पण त्याचं खरं वेड होतं ते काट्याचं. रेडिओच्या ज्या बटणाने काटा फिरतो, स्टेशन बदलतं, ते बटण त्याने झाळून टाकलं होतं. डाग देऊन पक्कं. काटा त्या एका स्टेशनावर कायमचा खिळलेला. कोणी गिऱ्हाईक क्रिकेटसाठी हात पुढे करी, तर हा पकड उचलून म्हणे, "काट्याला हात लावायचा नाय." दिवसातून दहा वेळा तेच. मी म्हणायचो, अरे इतकी स्टेशनं आहेत दुनियेत, आणि तू तर रेडिओवाला माणूस! तो म्हणायचा, "माणूस एका जागी सापडला पाहिजे, इब्रामभाई."

मला वाटायचं, डोक्यावर परिणाम झालाय.

दर शुक्रवारी दुपारी तीनला फर्माईश असायची. ज्यांनी गाणं मागितलं त्यांची नावं बाई वाचायची: मस्कतहून अमुक, सोहारहून तमुक, आणि त्यांचे यार-दोस्त. गाणं तीन मिनिटांचं आणि नावं पाच मिनिटांची. पास्कल या लोकांना हसायचा. "नाव ऐकायची हौस. स्वतःला विसरतात की काय हे लोक?" पण हसता हसता मध्येच त्याचा हात थांबायचा. मी पत्र्यातल्या भोकातून पाहिलंय. पंख्याचं पातं हातात तसंच, डोळे जमिनीकडे. दोन नावं पुढे गेली की पुन्हा हात चालू. मला वाटायचं, पाठीत उसण भरत असेल.

मग ती बातमी आली. बाईनेच सांगितली. स्टेशन विकलं गेलं. महिनाअखेरीस नवे मालक येणार, नवीन नाव, दिवसभर नवी गाणी. पत्रं नाहीत, बातम्या नाहीत, फर्माईश नाही. शेवटची फर्माईश येत्या शुक्रवारी, म्हणजे महिन्याच्या शेवटच्या दिवशी, चार वाजेपर्यंत.

पास्कल उभा राहून ऐकत होता. ती थांबल्यावर त्याने विचारलं, "बाई, आणि तू?" मग स्टुलावर बसला. त्या दिवशी त्याने एकही इस्त्री उघडली नाही.

मी त्याला समजवायला गेलो. मला समजवता येत नाही, म्हणून भांडलो. म्हटलं, सगळंच जातंय. समोरचा न्हावी गावी गेला परत, चहावाल्याच्या जागी मोबाईलचं दुकान आलं, माझा मुलगा मस्कतला अल् घुब्राच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि त्याची पोरगी माझ्याशी निम्मं इंग्रजीत बोलते. तुझं एक स्टेशन गेलं तर एवढं काय? खलास झालं, सोडून दे.

 पास्कल बुधवारी दुपारी माझ्या दुकानात आला. हातात चार घड्या घातलेला कागद.

"इब्रामभाई, ते मोबाईलवरून पण फर्माईश घेतात ना? हे पाठव."

"तू? फर्माईश?"

"हसून घे. मग पाठव."

मी हसलो नाही. तो माझ्या कापडाच्या गाठोड्यावर बसला आणि त्याने सांगितलं. शेजारी आल्यापासूनच्या एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

त्याला एक धाकटा भाऊ. अंतोन. दोघं बरोबरच ओमानला आले, एका खोलीत राहिले, हा रेडिओ दोघांनी मिळून घेतला. अंतोन गावी सुट्टीवर असताना आई आजारी पडली. त्याने फोन केला, ये. पण पास्कलचा तेव्हाचा मालक वेगळा, पासपोर्ट त्याच्याकडे, आणि मालक परदेशात. पास्कल वसईला पोचला तेव्हा आईला पुरून चार दिवस झाले होते. अंगणात माणसं बसलेली. अंतोनने त्याला पाहिलं आणि आत आवाज दिला, "पाहुणे आलेत. खुर्ची द्या."

"एवढंच?" मी म्हटलं.

"तुला कोणी तुझ्या अंगणात खुर्ची देऊ दे, मग विचार."

 मला दिली असती तर मीही बसलो नसतो.

त्यानंतर दोघं बोलले नाहीत. अंतोन परत आला तो रुस्ताकला गेला, गाड्यांच्या सीटा शिवायला. खाबुऱ्याहून रुस्ताक ते किती, गाडीने तास-सव्वा तास. एकोणीस वर्षं! ना हा गेला, ना तो आला. नंबर कोणी कोणाचा मागितला नाही. पण वेगळे झाल्यावर दोनेक महिन्यांनी एका शुक्रवारी बाईने वाचलं, "रुस्ताक से अंतोन, और घर के सब लोग." गाणं आईच्या आवडीचं. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच.

"तेव्हा झाळलास काटा?"

"त्याच दिवशी." पास्कल कापडाची किनार चाचपत होता. "लग्न नाय, पोरं नाय. तो तिथे एकटा आहे, इब्रामभाई. घर के सब लोग म्हणजे कोण? मीच की."

मग म्हणाला, "दर शुक्रवारी कळायचं, जिवंत आहे. आता तो मेला तरी मला कळायचं नाय."

मी म्हणालो, आजच जा रुस्ताकला. तो म्हणाला, "पाहुणा म्हणून?" 

मी अल् घुब्राला नातीला फोन लावला, कागदावरचं तिला वाचून दाखवलं, तिने मोबाईलवर टाईप केलं. मध्येच म्हणाली, "दादा, घर के सब लोग means किती लोक? नावं लिहू?" मी म्हटलं, "आहे तसं लिही." पाठवलं म्हणून तिने सांगितलं. पास्कल तिला फोनवर "थँक्यू बाय" म्हणाला आणि घाम पुसला.

शुक्रवारी मी जुम्म्याची नमाज पढून आलो तर त्याचं शटर अर्धं वर. दाढी केलेली, चर्चला जातानाचा शर्ट. रेडिओ पुसून पुढे घेतलेला. आम्ही दोघं बसलो. तीन वाजले. बाईचा आवाज भरून आलेला, पण काम चालू. तो उठून म्हणाला, "नमस्कार बाई. बोला," आणि या वेळी बसला नाही.

त्या दिवशी नावं संपेनात. सगळ्या आखाताने फर्माईश पाठवली होती बहुतेक. साडेतीनला आलं, "रुस्ताक से अंतोन, और घर के सब लोग." पास्कलने डोळे मिटले. मग नावं, नावं, नावं. पावणेचार. चारला दहा कमी. मी मनात म्हणत होतो, यल्ला बाई, यल्ला, चल लवकर, गाणं राहू दे, नावं वाच. तिनेही तेच केलं बिचारीने, गाणं मध्येच तोडून नुसती नावं वाचत सुटली. बुरैमीहून कोणी, सूरहून कोणी, बरक्याहून कोणी...

"और खाबु..."

चार वाजले. धाडकन नवं संगीत. एक पोरगा इंग्रजीत ओरडायला लागला, मग फ्लॅटची जाहिरात, मग तोच पोरगा. खरखर नाही, काही नाही, अगदी स्वच्छ आवाज.

मी म्हणालो, "खाबु म्हणाली ती. ऐकलंस ना? खाबुरा म्हणजे तूच."

"खाबुऱ्यात हजार माणसं आहेत," पास्कल म्हणाला.

तो तसाच उभा होता. पोरगा ओरडत होता आणि काटा तर झाळलेला, दुसरीकडे नेता येत नाही. शेवटी तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बंद कर, इब्रामभाई. तूच कर."

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी त्या रेडिओला हात लावला. बंद केला. पत्र्याच्या दोन्ही बाजूंना इतकं शांत झालं की मला माझा श्वास ऐकू येत होता, आणि तो मला आवडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं नाही. अर्बाबच्या पुतण्याची दिशदाशा कापून पडली होती, पडू दिली. पास्कलला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने अडवलं असतं आणि मग मी हट्टाने गेलो असतो, त्यापेक्षा आधीच गेलो. टॅक्सीत चौघांत बसून रुस्ताक गाठलं. बाजारात तीन ठिकाणी विचारलं, सीटा शिवणारा वसईचा अंतोन. चौथ्याने बोट दाखवलं.

तो मशीनवर होता, जाड रेक्झिनची शिवण घालत. हात चांगला होता, शिवण सरळ. चेहरा पास्कलचाच, फक्त केस जास्त. फळीवर रेडिओ, बंद. त्याने हिंदीत विचारलं, कोणती गाडी? मी नाव सांगितलं नाही, सलाम केला नाही, बसलो नाही. खिशातून चार घड्यांचा कागद काढला, चष्मा लावला, आणि एकेका शब्दाखाली बोट धरून मोठ्याने वाचला, "खाबुरा से पास्कल, और घर के सब लोग."

मशीन चालूच राहिलं. दोन-तीन बोटं शिवण पुढे गेली, वाकडी. मग थांबलं.

मशीनच्या आवाजात नीट ऐकू गेलं नसेल, म्हणून मी पुन्हा वाचलं.