तोंग, म्हणजे समजले

मानवाची सारी प्रगती समजण्यावर उभी आहे, आणि समजल्याचे मोठ्याने सांगितल्याखेरीज समजले असे कोणी धरत नाही. लिफ्ट बनवणाऱ्या एका कारखान्याने हे सत्य वेळीच ओळखले. कारखाना चिनी मालकांनी विकत घेतला, तेव्हा प्रशिक्षण अधिकाऱ्यांनी ठरवले की सर्व कामगारांनी चिनी भाषा शिकावी. मात्र उगाच पसारा नको म्हणून एकच क्रियापद शिकावे. बराच खल होऊन 'तोंग' हे क्रियापद मुक्रर झाले. तोंग म्हणजे समजणे.

वर्ग कॅन्टीनमध्ये भरत. शिकवणाऱ्या बाई जीव तोडून शिकवत. 'तोंग' म्हणताना आवाज आधी खाली न्यायचा आणि मग वर आणायचा; लिफ्टच्या कारखान्यात हे शिकवायला फारसे कष्ट पडले नाहीत. समोरच्याने 'तोंग मा?' म्हणजे 'समजलं का?' असे विचारले, की 'तोंग' म्हणून मोकळे व्हायचे.

"आणि नाही समजलं तर?" वेल्डरने विचारले.

बाई फळ्यावर 'पू तोंग' लिहायला वळल्या, तेवढ्यात अधिकाऱ्यांनी त्यांच्या हातातला खडू काढून घेतला. "बाई, नकार पुढच्या वर्षी घेऊ. आत्तापासून कशाला वाईट सवय लावता?"

निकाल डोळे दिपवणारा लागला. कारखान्यातले समजण्याचे प्रमाण बासष्ट टक्क्यांवरून एकशे चार टक्क्यांवर गेले (वरच्या चार टक्क्यांना सांगण्याआधीच समजले होते). आता सगळ्यांनाच समजत असल्यामुळे दुभाष्याची गरज उरली नाही. दुभाष्याचे काम याच बाई करत, म्हणून त्यांचा सत्कार करून त्यांना निरोप देण्यात आला.

इकडे फोरमनचा जीव टांगणीला लागला होता. सुपरवायझरची खुर्ची रिकामी होती आणि परीक्षेत पहिला येईल त्याला ती मिळणार होती. त्याने दाढी करताना, चहा गाळताना, बसची वाट पाहताना तोंगचा असा काही सपाटा लावला, की बायकोने काळजीने त्याच्यापुढे गुळण्यांसाठी कोमट पाणी ठेवले. तो पहिला आला. सासुरवाडीहून अभिनंदनाचे फोन आले. नव्या बनावटीची लिफ्ट चाचणीत उतरली, की खुर्ची त्याची असे अधिकाऱ्यांनी जाहीर केले.

मग तिच्या नव्या ब्रेकची माहिती द्यायला चीनमधला इंजिनियर पडद्यावर आला. पाऊण तास तो चिनीत बोलला. त्याने ब्रेकची स्प्रिंग एकदा सुलट बसवून दाखवली, एकदा उलट, आणि दोन्ही वेळा सारख्याच पोटतिडकीने काहीतरी सांगितले. शेवटी त्याने घाम पुसला आणि विचारले, "तोंग मा?"

विचारावे तर कसे, आणि सगळ्यांसमोर पहिल्या आलेल्यानेच विचारावे? फोरमनने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. सगळे त्याच्याचकडे बघत होते.

"तोंग!" तो म्हणाला. आवाज सुरेख खाली गेला आणि सुरेख वर आला. मागोमाग सगळा कारखाना तोंग म्हणाला. इंजिनियरच्या डोळ्यांत पाणी तरळले. स्प्रिंग त्याच दुपारी बहुमताने बसवण्यात आली.

ज्याला सर्वात चांगले समजले त्यानेच लिफ्टमध्ये पहिल्यांदा चढायचे, असा कारखान्याचा न्याय्य नियम होता. चाचणीच्या सकाळी बायकोने डबा हातात देताना विचारले, "अहो, तुम्हाला नक्की समजलंय ना?"

"समजलं म्हणजे काय! पहिला आलोय," तो म्हणाला खरा, पण चपला घालताना त्याने डावी उजव्या पायात घातली.

लिफ्टचे दार उघडले. अधिकाऱ्यांनी दारावरचा हार बाजूला सारून विचारले, "काय फोरमन, तोंग मा?"

फोरमनने वर पाहिले. सोळा मजले होते. "साहेब," तो म्हणाला, "मला नाही समजलं. एक अक्षर नाही समजलं. कोणालाच नाही समजलेलं."

बोलून टाकल्यावर त्याला फार हलके वाटले. बाकीच्यांना त्याची शरम वाटली. अधिकाऱ्यांनी खिन्नपणे मान हलवली. "हे अभ्यासक्रमाबाहेरचं आहे. परीक्षेत दुसरा कोण आला होता?"

दुसरा आला होता तो वेल्डर. तो तोंग म्हणाला, वर गेला, खाली आला आणि लिफ्ट बरोबर जागेवर थांबली. ती स्प्रिंगमुळे थांबली की वेल्डरच्या नशिबामुळे, हे तपासण्याची गरज कोणालाच भासली नाही. वेल्डर हल्ली सुपरवायझर आहे. फोरमन फोरमनच राहिला. तो कुठेही गेला तरी जिन्याने धापा टाकत चढतो आणि लोक त्याच्या गुडघ्यांची चौकशी करतात.

या लिफ्टला मागणी मात्र उत्तम आहे. तुमच्या इमारतीत नुकतीच बसली ती बहुधा हीच. बसवणाऱ्याने तुम्हालाही सगळे भराभरा समजावून सांगितले होते, आणि तुम्हीही मान डोलावली होती. तेव्हा काळजीचे काहीच कारण नाही. या, आत या, जरा सरकून उभे राहा. कितवा मजला?