खुशालभाऊची उन्हाची पेटी

"चंद्रपूरचं ऊन आपन सारे फुकट वाया घालवून राह्यलो!" हे वाक्य खुशाल रामटेके लाकूड डेपोत इतक्यांदा बोलला होता, की डेपोतल्या बैलांनाही ते पाठ झालं असेल. गाव मोहर्लीच्या वाटेवरचं. खुशाल तिथे कारकून. दिवसभर जळाऊ लाकडाचे रचलेले चट्टे मोजायचे आणि घरी येऊन बायकोला सांगायचं, की लाकडाचा जमाना आता संपला!

ते पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असावं. उन्हावर स्वयंपाक करणाऱ्या पेट्या तेव्हा नव्या नव्या निघाल्या होत्या. चंद्रपूरच्या प्रदर्शनात खुशाल बायकोला, सत्यशीलेला, घेऊन गेला तो कुकर घ्यायलाच. सत्यशीला सरळ शिट्टीच्या कुकरपाशी जाऊन उभी राहिली.

"हा घ्या. शिट्टी वाजली का कळते तरी, शिजलं म्हनून."

"शिट्टी तर रेल्वेलेही हाये," खुशाल म्हणाला. "म्हनून काय रेल्वेत वरन शिजते?"

तेवढ्यात खुशालला ती पेटी दिसली. पत्र्याची, आतून काळी कुळकुळीत, वर काच, आणि झाकणाला आतून आरसा. विकणारा मोठ्या प्रेमाने सांगत होता, "सकाळी डाळ-तांदूळ आत ठेवा, पेटी उन्हात ठेवा आणि विसरून जा. हळूहळू शिजतं. मात्र मध्ये उघडू नका आणि काचेवर सावली पडू देऊ नका. बस!"

"आनि शिजलं का नाई, ते कसं समजनार?" सत्यशीलेने विचारलं.

"विश्वास ठेवायचा, ताई."

ज्याच्यावर नुसता विश्वास ठेवायचा, ती वस्तू बायका घेत नाहीत, पुरुष घेतात. पेटी घरी आली.

आता एवढ्यावर भागलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण येत्या रविवारी खुशालच्या बहिणीला, सीतेला, पाहायला बल्लारपूरचे सोमाजी खोब्रागडे यायचे होते, मुलाला घेऊन. मुलगा डोमा, कागदाच्या कारखान्यात. सीतेने त्याला चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत लेझीम खेळताना पाहिलं होतं आणि तेव्हापासून ती घरात उगीचच लेझमीच्या तालावर भांडी घासत होती. याआधी दोन पाहुणे येऊन, पोटभर जेवून, "कळवतो" म्हणून गेले ते गेलेच. बाप नसलेल्या बहिणीचं हे तिसरं स्थळ. हे हुकलं तर सीतेला तोंड दाखवायला जागा नाही, हे खुशालला पक्कं ठाऊक होतं. आणि तरीही त्याने जाहीर केलं, "रविवारचा सयपाक पेटीत! चुलीत काडी जानार नाई! पाहुन्याईले समजू दे, कोन्या घरी आलो ते!"

हे ऐकून त्याची आई, मीराबाई, भडकली. "माह्या चुलीनं तुले एवढा वाढवला आनि आता तिच्यात काडी नाई? मंग माहंही काही काम नाई इथी!" रविवारी सकाळी तिने आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड केलं, पांढरी चादर डोक्यावरून ओढली आणि आडवी झाली. ही म्हातारी एरवी उजाडल्यापासून कावळ्यांवर, कोंबड्यांवर आणि लोकांच्या पोरांवर इतकी ओरडायची, की गल्लीत कुणी घड्याळ घेतलं नव्हतं.

पेटी अंगणात मधोमध ठेवली. आत एका डब्यात तुरीची डाळ, दुसऱ्यात तांदूळ, तिसऱ्यात वांगी. घरची माणसं कडुलिंबाच्या सावलीत बसली. पाहुणे येणार म्हणून खुशालने पांढरा सदरा-पायजमा घातला होता. सत्यशीलेनेही पांढरंच लुगडं काढलं होतं. आमच्यात मंगलालाही पांढरंच आणि दुःखालाही पांढरंच. धूर नाही, फोडणीचा वास नाही, वाफ नाही, आवाज नाही. सारे नुसते पेटीकडे बघत बसले.

"शिजून राह्यलं का?" सत्यशीलेने हळूच विचारलं.

"असंल."

"असंल म्हंजे?"

"म्हंजे नाई असं कसं म्हनू? अन् हो तरी कसं म्हनू? उघडून पाह्यता येत नाई."

खुशालने लांबूनच मान वाकडी करून काचेतून पाहिलं. आरशात त्याला स्वतःचाच घाबरलेला चेहरा दिसला. सीतेने भावाचा तो चेहरा पाहिला, बसची वेळ आठवली, आणि तिचा बांध फुटला. "पाहुने येतीन अन् कच्ची डाळ खातीन! गेलं माहं सारं!" म्हणत ती हमसून हमसून रडू लागली. सत्यशीला तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

नेमकं हेच समोरच्या लच्छूने पाहिलं.

आमच्या भागात ज्या घरी मयत होते, त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारचे आपापल्या घरून भात, वरण, बेसन आणून घरच्यांना दोन घास घालतात, तेही बिनफोडणीचं. म्हणून सकाळी उठून माणूस आधी शेजाऱ्याच्या छपराच्या कवेलूंवर धूर दिसतो का ते पाहतो. आपला चहा मागाहून. लच्छूने पाहिलं. धूर नाही. अंगावर पांढरे कपडे. पोरगी रडते आहे. आणि मीराबाईचा आवाज सकाळपासून नाही! लच्छूने दुपट्टा खांद्यावर टाकला आणि गल्लीत सांगून आला, "मीराबाई गेल्या गा."

अशा वेळी कुणी दारात येऊन "काय झालं?" विचारत नाही. यायचं, गुपचूप बसायचं. तशी माणसं येऊ लागली. बाप्ये एका बाजूला, बाया सीतेभोवती. खुशालला वाटलं, पेटी पाहायला आले! त्याचा ऊर भरून आला. हात जोडून तो एकेकाला म्हणू लागला, "या, बसा. पहिल्यांदाच हाये आमच्याकडे, म्हनून थोडं..."

"थोडं तर वाटनारच, भाऊ," म्हातारा मुखरू डोळे पुसत म्हणाला.

मग लच्छू पुढे झाला. त्याच्या हातात चाफ्याची फुलं आणि दोन मेणबत्त्या. ठेवायला उंच जागा एकच होती. त्याने फुलं पेटीच्या काचेवर ठेवली आणि मेणबत्त्या पेटवल्या.

"सावली! सावली पडते!" खुशाल किंचाळला आणि त्याने फुलं उचलली.

"राहू दे गा. ठेवू दे मले," लच्छू गहिवरून म्हणाला आणि त्याने फुलं परत ठेवली. खुशालने पुन्हा उचलली. लच्छूने पुन्हा ठेवली. शेवटी चौघांनी खुशालला धरून खाली बसवलं. "डोस्क्यावर परिनाम झाला," मुखरू कुजबुजला. तोवर माणसं पेटीभोवती अशी दाटली, की भर उन्हाळ्यात गावातली सगळ्यात थंड जागा ती पेटीच असावी.

इतक्यात बस आली. सोमाजींनी बसस्टँडवर खुशालचं घर विचारलं, तर पानवाल्याने हातातलं पान खाली ठेवून सांगितलं, "मोठी वाईट येळ आली त्याईच्यावर. माय गेली." सोमाजी मुलाला म्हणाले, "पोरगी पाह्याचं राहू दे. आता मानुसकी म्हनून जाऊ."

अंगणात येताच सोमाजींनी खुशालला मिठी मारली. होणारे व्याही पहिल्याच भेटीत मिठी मारतात, हे पाहून खुशाल गडबडून गेला.

"जयभीम! एवढी मानसं पाहून तुमी घाबरले तर नाई ना?"

"नाई नाई. धीर धरा. किती वाजता काढनार?"

"आता काय सांगू! ऊन लागलं तर काढीन. मधातच उघडून पाह्यता येत नाई ना."

सोमाजींनी मुलाकडे पाहिलं. मुलाने सीतेकडे पाहिलं. सीतेने वर पाहिलं, समोर डोमा दिसला, आणि तिला आणखी मोठ्याने रडू आलं. ते पाहून बायांनी एकदम गळा काढला.

त्या आवाजाने मीराबाईची झोप मोडली. एवढं रडणं म्हणजे कुणीतरी गेलंच, आणि आपल्याला कुणी उठवलंही नाही! चादर तशीच डोक्यावर घेऊन ती दारात आली आणि ओरडली, "कोन मेलं गा?"

विझलेली मेणबत्ती लच्छू पुन्हा पेटवत होता, ती त्याच्या हातातून पडली. मुखरू बसल्या जागेवरून बसल्या बसल्याच मागे सरकला. सत्यशीला तेवढी शांत होती. ती म्हणाली, "कोनी नाई, आत्याबाई. डाळ अजून शिजली नाई, एवढंच."

मग कुणाला काय वाटलं होतं ते उलगडत गेलं. हसणं आधी कुणी सुरू केलं ते कळलं नाही, पण थांबवणारा कुणी नव्हता. हसली नाही एकटी सीता. तिने पेटीवरची फुलं बाजूला केली आणि काच उघडली. आत डाळ होती तशीच, कोमट पाण्यात दाणा दाणा सुटा. "आता?" ती म्हणाली. खुशालने मान खाली घातली. त्या क्षणी त्याला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण गल्लीतल्या बायांनी पदराखालून डबे काढले होते. मयताच्या घरी आणलेले भात, वरण, बेसन. सारं बिनफोडणीचं! मीराबाईने एकेक झाकण उघडून वास घेतला.

"एवढंच? माह्यासाठी एवढंच?" मग लच्छूकडे वळून, "अन् तू दोनच मेनबत्त्या आनल्या? चाळीस वर्ष तुह्या पोट्ट्याईवर वरडली मी!"

तिने चादर कमरेला खोचली, आत गेली आणि चूल पेटवली. लसूण, जिरं, लाल मिरचीची फोडणी तिने साऱ्या गल्लीच्या वरणावर ओतली. कवेलूंवर धूर चढला तेव्हा रस्त्यापलीकडून कुणीतरी ओरडलं, "निघाला गा धूर!" आणि उरलेली गल्लीही जेवायला आली.

सीतेने डोमाला वाढलं. त्याने दोनदा वरण मागितलं. सोमाजींनी हात धुतले, दुपट्ट्याला पुसले आणि म्हणाले, "दोन घरं पाहून आलो आमी. तिथी गोडधोड होतं, पन शेजारचं मानूस दारात डोकावलं नाई. इथी एका सकाळी धूर नाई दिसला, तं अख्खी गल्ली जेवन घेऊन आली. अशा घरची पोरगी माह्या घरी पायजे. मले पसंत हाये."

खुशालच्या डोळ्यांत पाणी आलं. सीता आत पळाली आणि आतून भांडं पडल्याचा आवाज आला, तोही तालात. खुशालने डोळे पुसले आणि लगेच छाती पुढे काढली. "पाह्यलं? पेटीनं लगन जुळवलं!"

"अट एकच," सोमाजी म्हणाले. "लग्नाचा सयपाक चुलीवर."

लग्न थाटात झालं. पेटीनेही नंतर खुशालची लाज राखली. भर दुपारी, सावली नसली, तर तिच्यात वरण खरंच शिजतं! खुशाल ते रोज साऱ्या डेपोला सांगतो. एक मात्र सांगत नाही. गल्लीने परत मेणबत्त्या घेऊन येऊ नये म्हणून, पेटी उन्हात नेण्याआधी सत्यशीलेला धुरापुरती चूल पेटवावीच लागते. आणि चूल पेटलीच आहे, तर ती तिच्यावर वरण ठेवून देते.