नानांच्या मदतनिसाचं मागणीपत्र

"महिन्याभरात मदतनीस आणून दाखवतो की नाही, बघच तू!" नाना बायकोला म्हणाले आणि म्हणताना त्यांनी बनियनमधली छाती अशी काही फुगवली, की बायकोला वाटलं ठसका लागला. तिनं पाण्याचा पेला पुढे केला.

विषय रजेचा चालला होता. नाना एका मोठ्या कार्यालयात आवक-जावक सांभाळायचे. म्हणजे बाहेरून आलेल्या प्रत्येक पत्रावर शिक्का मारून ते ज्याच्या त्याच्या टेबलावर पोचवायचं आणि आतून निघालेल्या प्रत्येक पत्रावर शिक्का मारून ते बाहेर घालवायचं. पाच मजली इमारतीत हे काम करणारा माणूस एकच, नाना! आणि नियम असा, की टेबल सांभाळायला दुसरं कोणी असेल तरच रजा. दुसरं कोणी नव्हतंच. त्यामुळे नानांची रजा म्हणजे दातदुखीसाठी अर्धा दिवस, तोही उपटलेला दात नेऊन दाखवला तर! पोरीच्या लग्नालासुद्धा ते सकाळचं टपाल उरकून पोचले होते. लग्नाच्या फोटोंत त्यांच्या बोटांना लागलेली शाई अजून दिसते.

आता तीच पोर लांबच्या गावी बाळंत होणार होती. दोन-अडीच महिने उरले होते. बायकोनं स्वच्छ सांगून टाकलं होतं, "मी तर जाणारच आहे. पण घरात पहिलं नातवंड आलं आणि आजोबा इथे शिक्के मारत बसले, तर मी जन्मभर ऐकवीन हं!" आणि ऐकवण्याच्या बाबतीत बाई दिलेला शब्द पाळणाऱ्या होत्या.

तेव्हा नानांनी ठरवलं, की रीतसर मागणीपत्र भरायचं, एक मदतनीस मिळवायचा आणि नातवंडाच्या स्वागताला पंधरा दिवस आधी जाऊन बसायचं. मनुष्यबळ विभागाकडून त्यांनी छापील मागणीपत्र आणलं आणि जेवणाच्या सुट्टीत भरून टाकलं. पद : मदतनीस. संख्या : एक. कारण : मी एकटा आहे.

दुपारच्या चहाला ते हिशेबमास्तरांना दाखवलं, आणि तिथेच सगळं बिघडलं. हिशेबमास्तर म्हणजे कार्यालयाचे मुख्य लेखापाल. त्यांच्या सल्ल्यानं आजवर कोणाचं भलं झालेलं नव्हतं, पण त्यांना विचारल्याशिवाय कोणाचं पान हलत नसे.

"एक?" हिशेबमास्तरांनी कप खाली ठेवला. "अहो नाना, वेडेबिडे झालात की काय? मनुष्यबळवाले मागणीपत्र वाचत नाहीत. आकडा बघतात, तीननं भागतात आणि सही ठोकतात! मला दोन माणसं हवी होती तेव्हा मी सहा मागितली. दोन मिळाली. तुम्ही एक मागितलात, तर काय पाठवतील? नुसता एक हात?"

"अहो, पण तिघांपुरतं काम कुठे आहे माझ्याकडे?"

"काम द्यायचंय कुणाला? लिहायचंय फक्त! आणा ते इकडे."

मग दोघांनी डोकं लावलं. पहिल्या मदतनिसाचं काम खरंखुरं होतं, ते पटकन लिहून झालं. दुसऱ्यासाठी हिशेबमास्तरांनी लिहिलं, 'आलेल्या टपालाचे पूर्वपरीक्षण'. तिसऱ्यासाठी, 'गेलेल्या टपालाचा सातत्यपूर्ण पाठपुरावा'.

"म्हणजे नेमकं काय करायचं त्यांनी?" नानांनी विचारलं.

"तुम्हाला कळलं नाही ना? मग फक्कड जमलंय!"

मागणीपत्र दुसऱ्या विभागात जायचं तर ते आवक-जावकमधूनच जायला हवं. नानांनी स्वतःच्याच मागणीपत्रावर स्वतःच शिक्का मारला आणि स्वतःच ते मनुष्यबळ विभागात नेऊन दिलं. एका कोपऱ्यात सही राहिली म्हणून ते परत आलं. नानांनी परत आल्याचा शिक्का मारला, सही केली, पुन्हा जाण्याचा शिक्का मारला. त्या आठवड्यातलं त्यांचं निम्मं काम त्या एका कागदानंच पुरवलं!

पण हिशेबमास्तरांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. मनुष्यबळ विभागात नव्या भरती अधिकारी बाई आल्या होत्या आणि या बाई मागणीपत्रं चक्क वाचायच्या! अख्खी! शेवटच्या ओळीपर्यंत!

चौथ्या दिवशी त्यांनी नानांना बोलावून घेतलं. मागणीपत्र त्यांच्या हातात होतं आणि त्यातल्या दोन ओळींखाली लाल रेघा होत्या.

"हे पूर्वपरीक्षण आणि पाठपुरावा, हे तुम्ही लिहिलंत?"

"हो, म्हणजे... सहज आपलं..."

"सहज? अहो नाना, इतकी वर्षं हे काम या कार्यालयात कोणी करतच नव्हतं?"

"नव्हतं बाई," नाना म्हणाले. हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

"भयंकर आहे हे!" बाईंनी तिथल्या तिथे पेन उचललं. "तिन्ही पदं मंजूर!"

"तिन्ही?" नानांनी खुर्चीचा हात धरला. "बाई, त्यातली दोन कमी केलीत तरी माझी अजिबात हरकत..."

"संकोच करू नका हो. तुमच्यासारखी माणसं गप्प बसून सोसतात, म्हणून तर कार्यालयं बुडतात."

हिशेबमास्तरांना हे कळलं तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "वाचलं?" ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. "मागणीपत्र वाचलं?" सगळा धर्मच बुडाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

पुढे जाहिरात, मुलाखती, कागदपत्रांची तपासणी असं सगळं रमतगमत पार पडलं. तिघं जण कामावर हजर झाले त्याच सकाळी नानांचा फोन वाजला. मुलगी झाली होती! बाळ-बाळंतीण दोघी खुशाल होत्या. नाना तसेच जिना चढून बाईंकडे धावले.

"नात झाली! आता तिघं आलेत. उद्यापासून रजा द्या!"

"अभिनंदन! पण नाना, तिघंही आजच आलेत. त्यांना शिकवणार कोण?"

नाना आल्या पावली जिना उतरले. संध्याकाळी त्यांनी बायकोला फोन करून हे सांगितलं. पलीकडून एक शब्दही ऐकवला गेला नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं कधी घडलं नव्हतं. नाना पार हादरले.

तिघं मात्र कामाला वाघ निघाले. पहिला शिक्के मारू लागला, त्याची कटकट नव्हती. दुसरी मुलगी पूर्वपरीक्षणाची. तिला शिकवायला गेले तर नानांनाच काही येत नव्हतं. ते म्हणाले, "तू आपली बघ जरा पत्रं." तिनं बघितली आणि प्रत्येक पत्राला आपलं मत लिहून एकेक चिठ्ठी टाचली. 'सूर उद्धट आहे.' 'दुसऱ्या परिच्छेदात मुद्दा सापडला नाही.' मुख्यालयातून खुद्द मोठ्या साहेबांसाठी आलेल्या पत्रावर तर चिठ्ठी होती, 'आशय पोकळ. वाचले नाही तरी चालेल.' मोठ्या साहेबांनी ते खरोखरच वाचलं नाही, हा भाग वेगळा.

तिसरा मुलगा पाठपुराव्याचा. तो गोड आवाजाचा आणि लोचट होता. तो फोन उचलायचा आणि सुरू व्हायचा, "नमस्कार, आमचं पत्र पोचलं का? वाचलंत का? कळलं का? मग उत्तर कधी देताय?" इमारतीतले पाचही मजले आणि बाहेरची अर्धी दुनिया त्यानं सळो की पळो करून सोडली. वर्षानुवर्षं कपाटांत सुखानं झोपलेल्या पत्रांना लोक धडाधड उत्तरं पाठवू लागले. त्या उत्तरांना इथून उत्तरं जायला लागली. टपाल पोत्यांनी येऊ लागलं. महिन्याभरात अशी वेळ आली, की तिघांना मान वर करायला फुरसत नव्हती आणि नाना डबा उभ्यानं खात होते. थापेतून निघालेलं काम आता खरं झालं होतं! एवढंच नव्हे, आवक-जावकच्या चौकशांना उत्तरं द्यायला माणसं हवीत, म्हणून बाकीच्या विभागांनीही मागणीपत्रं टाकली. प्रत्येकानं तीन माणसं मागितली. बाईंनी ती सगळी मागणीपत्रं मन लावून वाचली आणि मंजूर केली.

इकडे नानांच्या फोनवर नातीचे फोटो येत होते. नात हसली. नात पालथी पडली. नात आपल्याच पायाचा अंगठा तोंडात घालून बसली. नाना टेबलाखाली फोन धरून ते फोटो बघायचे आणि त्यांना फार वाईट वाटायचं. एकदा तर त्यांनी फोटो बघता बघता शिक्का स्वतःच्या तळहातावरच मारून घेतला.

तिघं तयार झाल्यावर नाना पुन्हा बाईंसमोर उभे राहिले.

"नाना, आता तुमचा विभाग झाला!" बाई उत्साहानं म्हणाल्या. "हाताखाली तिघं म्हणजे तुम्ही विभागप्रमुख! प्रमुखाच्या रजेत कार्यभार घ्यायला उपप्रमुख लागतो."

"या तिघांतलाच एक करा की!"

"त्यांचं वर्ष कुठे पुरं झालंय अजून?"

"मग मी काय करू?"

बाईंनी हसतमुखानं खण उघडला आणि कोरं मागणीपत्र पुढे सरकवलं.

या खेपेला नाना हिशेबमास्तरांच्या वाऱ्यालाही उभे राहिले नाहीत. एकदा खोटं लिहून पाहिलं होतं, तेवढं पुरे झालं होतं. त्यांनी दार लोटून घेतलं आणि लिहिलं. पद : उपप्रमुख. संख्या : एक. कारण : मला नात झाली आहे. मी तिला अजून पाहिलेलं नाही.

हिशेबमास्तरांना कुठून तरी वास लागलाच. ते दाराच्या फटीतून कळवळून म्हणाले, "नाना, निदान तीन तरी करा हो!"

"एक म्हणजे एक!" नाना आतून ओरडले. "बाई वाचतात!"

बाई वाचायच्या खऱ्या. पण मधल्या काळात पगाराचा एकूण आकडा बघून मोठे साहेब खुर्चीतून उठलेच होते. त्यांनी बाईंना बोलावून कामाची खरी पद्धत नीट समजावून दिली होती. यापुढे काहीही वाचायचं नाही. आकडा बघायचा आणि तीननं भागायचा!

मागणीपत्र कुठल्याशा टेबलावर बरेच दिवस लोळलं. मग बाईंनी नानांना बोलावलं. त्यांचे डोळे ओले होते.

"तुमचं मी चोरून वाचलं. रडू आलं मला. पण नाना, तुम्ही तीन का नाही हो लिहिलंत?"

"अहो, तुम्ही वाचता म्हणून!" नाना म्हणाले.

"उपप्रमुख मंजूर झालाय," बाई हळूच म्हणाल्या. "एक तृतीयांश."

"म्हणजे? कुठला भाग?"

"अहो, तीन विभागांत मिळून एक! तुम्ही रजेच्या अर्जात नऊ दिवस लिहिलेत ना? त्यातले तीन दिवस तो तुमच्याकडे. बाकीचे सहा दुसऱ्यांकडे. तेव्हा रजा तीन दिवस."

जायला एक दिवस, यायला एक. मधला एक दिवस मात्र पुरा नातीचा! नानांनी बाईंना वाकून नमस्कारच केला.

एव्हाना नात आठ महिन्यांची झाली होती. मुलगी पुन्हा नोकरीवर जाऊ लागली होती, म्हणून बाळाला सांभाळायला नानांची बायको तिथेच होती. नाना पोचले ते रात्री, नात झोपल्यावर. सकाळी मुलगी तिला कडेवर घेऊन बाहेर आली. गोल चेहरा, दोन दात, डोळे थेट नानांचे!

"बघ, कोण आलंय! आजोबा!"

नानांनी दोन्ही हात पुढे केले. नातीनं त्यांच्या मिशीकडे पाहिलं. तिचा खालचा ओठ थरथरला. आणि मग तिनं असं भोकाड पसरलं, की शेजारच्या घरात कुत्रं भुंकू लागलं!

नानांनी खुळखुळा वाजवला. चष्मा काढून पाहिला. जिभेनं टकटक केलं. पडद्याआडून डोकावून पाहिलं, तेव्हा तर तिनं श्वासच धरून ठेवला आणि घरात धावपळ उडाली. शेवटी ते आपण होऊन गॅलरीत जाऊन बसले. ते नजरेआड झाले की ती खुशाल खेळायची. दिवसभर नानांनी गॅलरीच्या दाराच्या काचेतून नात पाहिली, तीही तिची पाठ असेल तेव्हाच.

संध्याकाळी बायको चहा घेऊन बाहेर आली. नानांचा पडलेला चेहरा बघून तिला ऐकवायचं काही सुचेना. ती शेजारी बसली.

"अहो, मनाला लावून घेऊ नका. नवा माणूस दिसला की घाबरते ती. तीन-चार दिवस राहिलात ना, की आपण होऊन झेपावेल तुमच्याकडे."

"झेपावेल की! न झेपावायला काय झालं?" नाना म्हणाले आणि चहात बघत राहिले. परतीची गाडी उद्या सकाळचीच आहे, हे त्यांनी अजून घरात कोणाला सांगितलं नव्हतं.