आत उभं राहून जोडलेलं टेबल

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मिस्त्री एका फाटकाला बिजागरी जोडत होता. बायको गेली, एवढंच तिकडून सांगितलं. त्यानं फोन खिशात ठेवला, वेल्डिंगची काच तोंडापुढे धरली आणि बिजागरी पक्की करून टाकली. उलटी! ते फाटक अजूनही बाहेरच्या ऐवजी आत उघडतं. गिऱ्हाईक भला माणूस, एका शब्दानं बोलला नाही.

चार महिन्यांनी लेक फोनवर म्हणाली, "बाबा, आता पुरे. दुकान बंद करा आणि माझ्याकडे या. एकट्यानं जोडकाम होतं का?"

दुकान म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. तीस वर्षं मिस्त्री तिथं लोखंड चिकटवत होता आणि बायको समोरून धरत होती.

"एकट्यानं? अगं, डाव्या हातानं होतं!" मिस्त्री गरजला. "खालीवर होणारं टेबल करतोय. हवं तेवढं उचला, हवं तेवढं उतरवा. मग धरायला माणूस कशाला? रविवारी ये. जमलं तर दुकान राहील. नाही जमलं, तर बॅग भरून तुझ्या मागे येतो."

बोलून बसला खरा!

चार पाय झकास झाले, खालून आडव्या पाइपांनी जोडूनही झाले. जाड पाइपात बारीक पाइप, बाहेरून पिळायचा बोल्ट. रविवारी सकाळी फक्त वरची चौकट उरली. कमरेत वाकायला नको म्हणून त्यानं पाय छातीपर्यंत वर ओढले, बोल्ट आवळले आणि पाइप जोडायला घेतले. पण पाइप काही जागेवर राहीनात. एक कोपरा धरावा तर दुसरा घसरे. शेवटी तो पायांच्या मधोमध जाऊन उभा राहिला. एक पाइप पोटानं दाबला, एक पाठीनं, एक कोपरानं. वा! चौथाही आतूनच चिकटवला, काच वर केली आणि बघतो तर काय, चारी बाजूंनी लोखंड! खाली नडग्यांपाशी आडवे पाइप, वर छातीशी गरम चौकट. मध्ये मिस्त्री, पिंजऱ्यातल्या पोपटासारखा; वाकून निसटायलाही जागा नाही.

पाइप कापायचा ग्राइंडर समोरच्या भिंतीला टांगलेला. मिस्त्रीनं हातमोज्यांनी टेबल उचललं आणि बैलासारखा ते घेऊन चालू लागला. दोन पावलांत टेबल लोखंडाच्या ढिगाला अडलं. ग्राइंडर वीतभर लांब!

कुंपणावरून शेजारी डोकावला. पोस्टातून निवृत्त झालेला, चौकशीतून नव्हे.

"मिस्त्री, आत काय करताय?"

"माप घेतोय."

"कुणाचं?"

"माझं! तुम्ही जा बघू!"

शेजारी जातोय कसला! तो आत आला आणि मिस्त्रीला काखेत धरून वर उपसू लागला. शर्ट वर आला, मिस्त्री नाही.

"गुडघा उचला की!"

"उचलता आला असता तर तुमच्या गळ्यात पडलो असतो का?"

एवढ्यात दारात लेक. तिनं टेबल बघितलं, बापाला बघितलं, पर्स खाली ठेवली.

"बाबा, हे टेबल खालीवर होतं म्हणालात ना?"

शेजारी आढ्याकडे बघू लागला.

लेकीनं खाली बसून चार बोल्ट सैल केले. चौकट लोण्यासारखी अलगद खाली उतरली आणि मिस्त्री ती ओलांडून बाहेर आला.

"जमलं की नाही टेबल?" तो लगेच म्हणाला.

"तुम्ही आत अडकला होता!"

"पण टेबल जमलं!"

लेक हसली. हसता हसता विचारलं, "पण आत कशाला शिरलात?"

"तुझी आई तिथंच उभी राहायची. धरायला."

"मग ती बाहेर कशी यायची?"

"मी शेवटचा पाइप घेतला की ओरडायची. अहो थांबा, आधी मला बाहेर येऊ द्या!" मिस्त्रीनं हातमोजे काढले. "आज कुणी ओरडलंच नाही."

लेकीनं ते हातमोजे उचलून स्वतःच्या हातात घालून बघितले. मोठे होत होते.

वरचा जाड पत्रा एकट्याला उचलवत नाही. लेक पुढच्या रविवारी तो धरायला येणार आहे. तोवर टेबलाला पत्रा नाही आणि दुकानाचं अजून काही ठरलेलं नाही.