नमुना क्रमांक सात: हालअपेष्टांचे मासिक विवरण

दूरदेशी कोणाचे तरी हाल चालू असल्याशिवाय कोणत्याही मंडळीची प्रार्थना नीट रंगत नाही, ही अनुभवसिद्ध बाब आहे. लंडनजवळच्या हाउन्सलोच्या मराठी ख्रिस्ती मंडळीने ती वेळीच ओळखली आणि २००३ साली स्वाती गायकवाड या दाताच्या दवाखान्यातल्या नर्सला मिशनरी म्हणून आफ्रिकेत मलावीतल्या एका खेड्यात पाठवले. तिचे हाल कागदोपत्री व्यवस्थित राहावेत म्हणून एक समिती नेमली. समितीचे चिटणीस पद्माकर उजगरे विमानतळावर हरवलेल्या सामानाच्या नोंदी करण्यात अठरा वर्षे मुरले होते. दुसऱ्याचे दुःख अचूक रकान्यात बसवण्याचा एवढा अनुभव मंडळीत दुसऱ्या कोणाला नव्हता.

नमुना क्रमांक सात ही त्यांचीच निर्मिती. त्यात हिंस्र श्वापद, सर्प, ताप, वाहून गेलेला रस्ता आणि एकाकीपणा (सौम्य अथवा प्रार्थनीय) असे रकाने होते. सलग तीन महिने विवरण निरंक आल्यास मिशनरी सुटीवर आहे असे समजून तिला परत बोलावण्यात येईल, हे मंडळीच्या घटनेचे कलम अकरा. तेही पद्माकरांनीच लिहिले होते, आणि त्या वेळी त्यांना त्याचा अभिमान वाटला होता.

स्वातीचे पहिले विवरण आले. श्वापद: एक बोकड, उपासनेला नियमित हजर. (त्याची उपस्थिती शंभर टक्के. हाउन्सलोची एकसष्ट, तीही जेवण असलेले रविवार धरून.) सर्प: अजून ओळख नाही. एकाकीपणा: वेळ मिळाला नाही. सोबत एक फोटो आणि पाच पानी पत्र होते. इथे बस भरली की सुटते, त्यामुळे कोणालाच कधी उशीर होत नाही. उपासना चार तास चालते आणि संपली की लोक हळहळतात. शेजारी दारात येऊन "ओडी!" असा पुकारा करतात आणि उत्तर यायच्या आत घरात असतात. कोणीतरी भेट दिलेली कोंबडी येणाऱ्याजाणाऱ्यावर करडी नजर ठेवते, म्हणून तिचे नाव सीमाताई ठेवले आहे.

समितीच्या अध्यक्षा सीमाताई भालेराव यांच्यापर्यंत पत्र पोचले तेव्हा त्यात कोंबडी नव्हती. चिटणीसाला तेवढा अधिकार असतो.

"फोटोत ती हसतेय, उजगरे," सीमाताई म्हणाल्या. "हे नोटीस बोर्डवर कसं लावायचं? लोकांना गिल्टी वाटायला नको का?"

"परत पाठवतो, ताई. न हसता काढायला सांगतो."

दुसरा महिनाही निरंक गेला. आता पद्माकरांची झोप उडाली. स्वाती तिथे सुखात होती आणि तिला तिथेच राहायचे होते, हे तिच्या ओळीओळीत दिसत होते. आणि खरे सांगायचे तर तिची पत्रे हीच पद्माकरांच्या महिन्यातली एकमेव आनंदाची गोष्ट होती. समितीला दाखवण्याआधी ते प्रत्येक पत्र तीनदा वाचत, बोकडाचा भाग चारदा. ती परत आली तर पत्रे थांबणार, आणि उरणार ते हरवलेले सामान.

म्हणून त्यांनी तिला लिहिले: "प्रिय स्वाती, बाळ, हाल होत नसतील तर निदान नीट बघ, सापडतील. प्रत्येकाचे असतात. ते कसे मांडायचे याचा नमुना सोबत भरून पाठवतो." भरायला दुसऱ्या कोणाचे हाल हाताशी नव्हते, म्हणून त्यांनी स्वतःचे भरले. वाहून गेलेला रस्ता: रविवारी ट्रेन बंद, बदली बसची पावसात पन्नास मिनिटे वाट, स्टॉपवर नऊ माणसे, कोणी कोणाशी बोलले नाही. ताप: प्रार्थनेच्या हॉलचा बॉयलर ऑक्टोबरपासून बंद, स्तोत्रे हातमोजे घालून. एकाकीपणा: चौदा वर्षे एकाच घरात, डावीकडच्या शेजाऱ्याचे नाव माहीत नाही. मग थोडा विचार करून त्यांनी 'सौम्य' खोडले आणि 'प्रार्थनीय'वर खूण केली. नमुना परिपूर्ण असावा, एवढाच त्यांचा हेतू होता.

त्या खेड्यात आलेले पत्र एकट्याचे नसते, ते उपासनेत सर्वांसमोर वाचतात. स्वातीने ते त्यांच्या भाषेत करून वाचले. नऊ माणसांच्या ओळीपाशी येईपर्यंत बायका डोळे पुसू लागल्या. शेजाऱ्याच्या ओळीपाशी एक म्हातारे आजोबा उठून बाहेर गेले. चौदा वर्षे, ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. स्वातीने समजावून सांगितले की काका तसे सुखवस्तू आहेत, त्यांच्याकडे कपडे वाळवायचे मशीन आहे. त्यावर लोक आणखीच रडले, कारण तिथे कपडे वाळत घालताना सगळ्या गावाच्या बातम्या कळतात.

तिसऱ्या महिन्याचे विवरण निरंक आले. सीमाताईंनी कलम अकरा काढले आणि तिकिटाची तारीख ठरवायला बैठक बोलावली. त्या बैठकीत, बॉयलर अजून बंद असताना, दारात "ओडी!" असा आवाज झाला आणि उत्तर यायच्या आत एक उंच गृहस्थ आत आले. ते चर्चचे पाळक म्वाले. स्वातीच्या खेड्याने त्यांना हाउन्सलोला मिशनरी म्हणून पाठवले होते. सोबत नमुना क्रमांक सातच्या पन्नास कोऱ्या प्रती होत्या.

पद्माकरांनी घटना उघडली. "कलम चौदा. ज्या मंडळीकडे मिशनरी येतो, ती सेवाक्षेत्र समजली जाईल. सेवाक्षेत्राला स्वतः मिशनरी पाठवण्याचा किंवा परत बोलावण्याचा अधिकार नसतो."

"आपण मिशन फील्ड?" सीमाताई म्हणाल्या. "आपल्याकडे पार्किंग आहे, उजगरे."

पण घटना ती घटना. तसा ठराव एकमताने पास झाला, स्वाती राहिली, आणि पद्माकरांना इतका आनंद झाला की तो इतिवृत्तात कुठे नोंदवावा ते त्यांना कळेना.

पाळक म्वाले नंतर त्यांच्या घरी गेले आणि तिथून सरळ डावीकडच्या दारात जाऊन "ओडी!" म्हणाले. शेजाऱ्याचे नाव टेरेन्स निघाले. चौदा वर्षांपूर्वी चुकून त्याच्या दारात पडलेले पद्माकरांच्या नावाचे एक पत्र त्याने जपून ठेवले होते; द्यायचे कसे, हे त्याला सुचले नव्हते. पद्माकरांनी ते दारातच उघडून तीनदा वाचले. पाळकांनी त्यांचा फोटो काढून मलावीला पाठवला. तो परत आला, कारण त्यात ते हसत होते.

तूर्त दुसऱ्या फोटोची गरज आहे. तेव्हा वाचकहो, आपल्या घराच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या माणसाचे नाव आठवून पाहावे. आठवल्यास उत्तमच. न आठवल्यास पाळकसाहेब येतीलच, त्यांच्याकडे एकोणपन्नास प्रती शिल्लक आहेत. फोटो समोरून काढतात. फक्त हसू नये.