बर्फातल्या झाडाचा पाहुणचार

सयाजी बायकोला न्यायला वडूजला आला, आणि दुसऱ्याच सकाळी सासऱ्यांनी त्याच्या हाती एक झाड सोपवलं. सासरे सुभेदार नाथाजी, इटलीतली लढाई संपवून नुकतेच घरी आलेले. ते नुसते खाकरले तरी गल्लीतली कुत्री वाट सोडायची, तिथं जावयाची काय कथा!

झाड म्हणजे वीतभर उंचीचं, जमिनीलगत पसरलेलं, बारा महिने हिरवं राहणारं झुडूप. बर्फाच्या डोंगरावरून सुभेदारांनी ते बिस्किटाच्या डब्यात जपून आणलं होतं.

"पावनं, मी आठ दिस साताऱ्याला जाऊन येतु," सुभेदार म्हणाले. "ह्येला मुरूम लागतुय आन् गार वारा. पानी घोटभर, त्येबी मुरूम वाळला तरच. दुपारी सावलीला सरकवायचं."

"आन् मामा, वाळलं तर?"

"तर अंजना हितंच ऱ्हाईल. ज्येला झाड सांभाळंना, त्येच्या हाती पोरगी कशी दिऊ?"

सयाजी कृष्णाकाठचा ऊसवाला. त्याच्या घराण्यात कुणी कशाला पाणी कमी घातलं नव्हतं. मुरमातलं ते झुडूप पाहून त्याला वाटलं, उपाशी आहे बिचारं. आता हे मरणार आणि माझा संसारही घेऊन जाणार. त्यानं मुरूम उपसला, काळी माती आणि शेणखत भरलं, वर कळशी रिकामी केली. पाणी बुडातून गळायला लागलं.

"डबाबी फुटकाच हाय," म्हणत त्यानं बुडाची भोकं चिंध्यांनी गच्च बुजवली.

"आवं, आबा पानी नगं म्हनल्यात," अंजना म्हणाली.

"तुमा वडूजकरांनी पानी कवा बघितलंय?"

झाड पिवळं पडलं. सयाजी घाबरला आणि आणखी पाणी घालू लागला. झाड आणखी पिवळं पडलं. धास्तीनं तो भरल्या ताटावरून उठू लागला. जावई जेवत नाही म्हणून सासूबाई, शालूबाई, घाबरल्या आणि पुरणपोळीवर तुपाची धार धरून बसल्या.

"पुरं, मामी."

"आवं, एवढ्यानं काय हुतंय?"

सासूला नको म्हणायची त्याची छाती नव्हती.

सुभेदार परतले तेव्हा सयाजी पोट धरून डब्याशेजारी आडवा झाला होता. सुभेदारांनी डबा उचलला आणि चिंध्या ओढल्या. भळाभळा पाणी वाहिलं. आता काही आपण वाचत नाही, असं समजून सयाजीनं डोळे मिटले.

"मामा, चुकलं. पर मायेनंच क्येलं."

सुभेदारांनी झाडाकडे पाहिलं, मग जावयाच्या पिवळ्या तोंडाकडे.

"ह्येस्नी काय घातलंस गं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"जावयाला काय घालत्यात? पुरन, तूप, गुळवनी."

"मग दोघांचं दुखनं एकच हाय. दोघांस्नी वाऱ्याला ठिवा आन् काय बी घालू नका."

त्यांनी झाड पुन्हा मुरमात लावलं. सयाजीला धीर आला.

"आन् अंजना?"

"नवा कोंब फुटला की घिऊन जावा."

"कवा फुटंल?"

"बर्फातलं झाड त्ये, त्येला घाई नसती. दिवाळीपातुर बघू."

सयाजीनं बोटांवर महिने मोजायला घेतले, तोच आतून शालूबाईंचा आनंदानं भरलेला आवाज आला, "म्हंजी पावनं दिवाळीपातुर हाईत? मग उद्या बासुंदीच करते."

सयाजी डब्याला आणखी जरा चिकटून बसला.